नागपूरच्या उन्हाळ्यात घरी वाईनच्या बाटल्या कशा सांभाळायच्या?

ऑरेंज_सिटीकर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत बायकोसोबत नाशिकला गेलो होतो, द्राक्षतोडणी चालू होती, दोन-तीन वायनरी फिरलो आणि तिथले पोरं टेस्टिंग करवताना इतकं गोड समजावून सांगतात की नाही म्हणवत नाही, त्यामुळे समृद्धीने परत येताना डिक्कीत दीड डझन बाटल्या होत्या. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या, दोन रोझे म्हणजे गुलाबी, बाकी शिराझ आणि कॅबर्ने या रेड, एक स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), आणि ती उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, लेट हार्वेस्टवाली छोटी गोड बाटली. बहुतेकांना फिरवायचं झाकण आहे, तीन-चारांना बूच.

आतापर्यंत हॉलच्या शोकेसमध्ये मस्त लावून ठेवल्या होत्या. पण मार्च संपत आलाय आणि इथलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात ४५-४६ म्हणजे बातमी पण होत नाही. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब, एसी फक्त बेडरूममध्ये आणि तोही रात्रीच, हॉलमध्ये कूलर. फ्रीजमध्ये घरच्यांनी एक कप्पा दिला आहे तोही आंबे येईपर्यंतच.

आता खरी अडचण. माझा साळा फ्रान्सहून आला तेव्हा तिथल्या बोर्दो भागातल्या रेड वाईनच्या दोन बाटल्या घेऊन आला, २०१८ सालच्या, बऱ्यापैकी महागाच्या असाव्यात. पोरगी आता दहा वर्षांची आहे, ती अठराची झाली की तिच्या नावाने उघडायच्या (प्यायच्या आम्हीच, गैरसमज नको) असं त्याचं म्हणणं. म्हणजे आठ उन्हाळे काढायचे! कसं काय जमणार?

डोक्यात आलेले उपाय: १) माळ्यावर खोक्यात. २) दिवाणात, गाद्यांच्या खाली. ३) मामाचं कळमन्याला मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे, तो म्हणतो एक कोपरा देतो. ४) वाईनचा वेगळा फ्रीज. बाटल्या आडव्या ठेवायच्या की उभ्या हे पण सांगा. जाणकारांनी जरा विस्ताराने लिहा, गूगल करून करून डोकं आऊट झालं, सगळे म्हणतात "कूल डार्क सेलर". आमच्याकडे सेलर कुठून येणार बापा.

---

टवाळ_आळी

सोपा उपाय: एप्रिलच्या आत मित्रांना बोलवा. मी नागपूरलाच असतो.

---

गोदाकाठ

वरचा प्रतिसाद टवाळकी म्हणून सोडून देऊ नका, तुमच्या दीड डझनातल्या निम्म्याहून जास्त बाटल्यांसाठी तेच बरोबर उत्तर आहे. मी नाशिकचा, वाईनच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, आणि लोकांचा हा जो समज आहे ना की वाईन जितकी जुनी तितकी भारी, तो काही केल्या जात नाही. जगात विकली जाणारी बहुतेक वाईन बाटलीत भरल्यापासून एक-दोन वर्षांत प्यायची म्हणूनच बनवलेली असते. तुमची शेनिन, सोव्हिन्यॉं, रोझे यांची सगळी मजा त्यांच्या ताज्या वासात आहे, पेरू, लिंबाची साल, ओलं गवत असलं काहीतरी जे येतं ते. ते ठेवून वाढत नाही, ठेवून जातं. त्यांना सांभाळू नका, संपवा. लेबलवर साल छापलेलं असतं ते बघा. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च होते, म्हणजे यंदाच्या पावसाळ्यात मागच्या वर्षीची पांढरी वाईन सव्वा वर्षाची झालेली असेल, पुरे झालं तिला.

साधी शिराझ, कॅबर्ने दोन-तीन वर्षं टिकेल पण ती थंड जागी, तुमच्या शोकेसमध्ये नाही. रिझर्व्ह लिहिलेली, ओकच्या पिंपात राहिलेली रेड असेल तर ती चार-पाच वर्षं ठेवता येते. लेट हार्वेस्ट तुमच्याकडची सगळ्यात चिवट बाटली, साखर भरपूर आणि आम्लही, ती टिकते. स्पार्कलिंग वर्षभरात उडवा, कारण भरपूर सापडतील. मग उरल्या काय तर एक-दोन चांगल्या रेड आणि साळ्याच्या दोन बोर्दो. काळजी एवढ्यांचीच करायची.

आता उष्णतेचं. बाटलीतली वाईन गप्प बसलेली नसते, आत हळूहळू रासायनिक क्रिया चालू असतात आणि ढोबळ हिशेब असा की दहा अंश वाढले की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. १२-१३ अंशाला जी वाईन आठ वर्षांत सावकाश पिकली असती ती ३० च्या वर पिकत नाही तर शिजते. म्हणजे रंग विटकरी, फळाचा ताजा वास जाऊन उकडलेल्या जॅमसारखा वास, आणि चव सपाट. शिवाय वाईन गरम झाली की फुगते, २० वरून ४० ला गेली तर ७५० मिलीच्या बाटलीत चमचाभर तरी वाढते, आणि बुचाखाली जागाच तेवढी असते. मग बूच वर सरकतं, कडेने चिकट ओघळ येतो. रात्री एसी लावला की तीच वाईन आकसते आणि आत हवा ओढते. हे रोज झालं की खेळ खलास. फिरकीच्या झाकणाला हा त्रास कमी, पण शिजणं त्यालाही चुकत नाही.

माळ्याचं नावच काढू नका. स्लॅबखालचा माळा म्हणजे तुमच्या घरातली सगळ्यात गरम जागा. आणि शोकेसमधून आजच काढा, पांढऱ्या काचेच्या बाटलीतली रोझे उजेडात ठेवली तर ओल्या लोकरीसारखा, उकडलेल्या कोबीसारखा वास धरते. उन्हाने लवकर होतं आणि सतत ट्यूबलाईटखाली असली तरी होतं. हिरव्या-चॉकलेटी काचेला थोडं संरक्षण असतं. दुकानात खिडकीजवळची किंवा लाईटखालची बाटली उचलू नये ते याचसाठी.

---

चहाटळ

गोदाकाठ यांनी छान लिहिलंय पण एक विचारते, पुण्यात आमच्याकडे वाईन वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कडप्प्याच्या कप्प्यात असते आणि आम्हाला तरी कधी खराब लागली नाही. का आमची जीभच तेवढी नाही?

@ऑरेंज_सिटीकर, दिवाणाचा पर्याय मला बरा वाटतो. गाद्या-गोधड्यांच्या मध्ये. आमच्या आजोळी वाड्यात तळघर होतं आणि भिंतीत धान्याचं बळद, तिथे वैशाखातसुद्धा हात घातला की गार लागायचं. आता ते सगळं पाडून सहा मजली बिल्डिंग उभी आहे, आणि आम्ही नेटवर विचारतोय की गार जागा कुठे मिळेल.

---

गोदाकाठ

@चहाटळ, जीभ चांगलीच असेल, पुणं नागपूर नाही एवढंच. कडप्पा, खालचा कप्पा, अंधार, आणि तुमच्याकडे रात्री तापमान उतरतं. वर्ष-सहा महिने साध्या वाईनला चालून जातं. फक्त शेगडी आणि फ्रीजच्या मागची गरम हवा लांब असू दे. आणि तीच वाईन नवी आणून शेजारी शेजारी दोन ग्लासात ओतून बघा एकदा, मग फरक कळतो. एकटी प्यायली की कळत नाही, माणूस म्हणतो अशीच असेल.

---

कुडाळी_माणूस

आमच्याकडे कोकणात उलट त्रास. तापमान ३४-३५ च्या वर सहसा जात नाही पण पावसात दमट एवढं की लेबलांवर बुरशी, खोका हाताला ओला लागतो. बुचाला दमटपणा चांगला म्हणतात, ६०-७० टक्के हवा, आमच्याकडे जुलैत त्याच्यावर गेलेलाच असतो. बाटलीला वरून प्लास्टिकची क्लिंग फिल्म गुंडाळायची, लेबल वाचतं. आतल्या वाईनला बुरशीचं काही होत नाही, लेबल फक्त ओंगळ दिसतं.

आणि गोव्याहून येताना लोक ती स्वस्त गोड पोर्ट आणतात ना, प्रत्येक मराठी घरात कपाटात एक तरी असते, "औषधाला" म्हणून. ती गोड आणि जरा कडक असल्यामुळे बंद असेपर्यंत तग धरते, पण एकदा उघडून झाकण लावून वर्षभर चमचा चमचा घेणारे बघितलेत मी. अरे ती आता पोर्ट नाही राहिली रे, तो काकवीचा काढा झाला.

---

ऑरेंज_सिटीकर

@गोदाकाठ भाऊ, डोळे उघडले. शोकेस रिकामं केलं, बायको म्हणते आता तिथे तिचे कप ठेवणार.

मग कोल्ड स्टोरेजचं काय? आणि दिवाणाचं? आज थर्मामीटर आणला, तो डिजिटल तापमान-आर्द्रतावाला, तीन-चारशेला मिळतो. दिवाणात दुपारी ३३, हॉलमध्ये ३६. आणि आर्द्रता १८ टक्के दाखवून राहिलाय, मला आधी वाटलं मशीनच खराब.

---

दूरदेशी

मशीन बरोबर आहे. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी हवा तेवढीच कोरडी असते. मी मूळचा अमरावतीचा, आता अॅडलेडला असतो, इथेही उन्हाळ्यात ४० च्या वर जातं आणि हवा सुकी, त्यामुळे तुमचं दुखणं कळतं.

आडवी का उभी: बुचाची असेल तर आडवी, म्हणजे बूच वाईनला टेकून ओलं राहतं, फुगलेलं राहतं. हल्ली काही जाणकार म्हणतात की बाटलीतल्या मोकळ्या जागेत एवढा ओलावा असतोच की आतून बूच सुकत नाही, आडवी ठेवायची गरज नाही. असेल बुवा. पण तुमच्या १८ टक्क्यांत बाहेरून बूच सुकणार हे नक्की, आणि आडवी ठेवायला काही खर्च नाही, तेव्हा आठ वर्षांच्या बाटलीवर प्रयोग नको. फिरकीची झाकणवाली कशीही ठेवा. शॅम्पेन, स्पार्कलिंग उभी ठेवली तरी चालते.

फिरकीच्या झाकणावरून आठवलं, आपल्याकडे लोकांना अजून वाटतं की ते झाकण म्हणजे स्वस्तातली वाईन. इथून जवळच क्लेअर व्हॅली आहे, तिथे रिझलिंग ही पांढरी वाईन करणाऱ्यांनी २००० साली एकत्र येऊन ठरवलं की आता बूच बंद, कारण खराब बुचामुळे चांगल्या बाटल्या वाया जात होत्या. ओला पुठ्ठा, भिजलेलं वर्तमानपत्र असा वास येतो ना कधी कधी, तो बुचाचा दोष. टीसीए नावाचं रसायन असतं, एवढंसं असलं तरी नाकाला कळतं. तो वास आला तर तुमच्या कपाटाला दोष देऊ नका, बाटली आलीच तशी होती. तर त्यांच्या त्या वेळच्या फिरकीवाल्या रिझलिंग वीस वर्षांनी उघडल्या तरी ताज्या निघाल्या. आपल्या हवेत तर मी म्हणेन फिरकीचं झाकण दिसलं की आनंदाने घ्या.

---

वायरमन_सांगली

दिवाणात ३३ आत्ताच आहे म्हणजे मेमध्ये ३७-३८ होणार. गोधड्या गार करत नाहीत, गरमी आत यायला उशीर करतात बस. थर्माकोलच्या खोक्याचं पण तेच, मासेवाल्याकडे मिळतो तो जाड खोका, त्यात बाटल्या आणि मधल्या फटीत पाण्याच्या बाटल्या भरल्या तर दिवस-रात्रीचा चढउतार सपाट होतो. दुपारी ४० आणि रात्री २८ असेल तर आत ३४ च्या आसपास स्थिर. चढउतार गेला हे चांगलं, पण ३४ ते ३४च. एक उन्हाळा साध्या रेडला काढायला ठीक आहे, तोही एसीच्या खोलीत, जमिनीला टेकून, बाहेरच्या भिंतीपासून लांब.

वाईनचा फ्रीज घेणार असाल तर घ्यायच्या आधी हे वाचा, कारण दुकानदार सांगत नाही. छोटे, दिसायला सुंदर, अजिबात आवाज न करणारे जे येतात ते बरेचसे थर्मोइलेक्ट्रिक असतात, आत कॉम्प्रेसर नसतो, पेल्टियरची चकती असते, वीज दिली की तिची एक बाजू गार होते. ती बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली नेते. युरोपातल्या २२ अंशाच्या खोलीत उत्तम. तुमच्या ४० च्या हॉलमध्ये आत २२-२५ आणि चकती चोवीस तास फुल पळणार, लवकर मरणार. कॉम्प्रेसरवालाच घ्या. त्यातही मागच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, N म्हणजे बाहेर ३२ पर्यंत, ST म्हणजे ३८ पर्यंत, T म्हणजे ४३ पर्यंत. तुम्हाला T पाहिजे. बाहेरून मागवलेले बरेच N नाहीतर ST असतात.

नाहीतर माझा देशी उपाय. जुना सिंगल डोअर फ्रीज असतो ना, कोणाच्या तरी बाल्कनीत पडलेला, तो आणा. बाजारात एसटीसी-१००० नावाचा कंट्रोलर मिळतो, घरी बिअर करणारे वापरतात, पाचशे-सातशेच्या आसपास. फ्रीजची पिन त्यातून जाते. त्याला सांगायचं १३ अंश, फरक एक-दीडचा. वर गेलं की फ्रीज चालू, खाली आलं की बंद. सेन्सरची वायर दाराच्या रबरातून आत घ्यायची आणि टोक पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवायचं, म्हणजे दार उघडल्यावर हवा गरम झाली म्हणून कॉम्प्रेसर उगाच उठबस करत नाही. कॉम्प्रेसर डिले, म्हणजे बंद झाल्यावर परत चालू होण्याआधीचा थांबा, पाच मिनिटं ठेवा. फ्रीज ४ ऐवजी १३ ला चालला की बिलही कमी येतं. जुना डायरेक्ट कूल फ्रीज फ्रॉस्ट फ्रीपेक्षा बरा, फ्रॉस्ट फ्री आतली हवा फार सुकवतो. बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका. आणि वायरिंग स्वतः करू नका, २३० व्होल्ट आहे, इलेक्ट्रिशियनला शंभर-दोनशे द्या आणि डब्यात नीट बंद करून घ्या.

---

चहाटळ

म्हणजे आपल्या रोजच्या फ्रीजमध्ये नाहीच ठेवायची का? मी तर बिनधास्त ठेवते.

---

वायरमन_सांगली

ठेवा की. झाकणवाली दोन-चार महिने आरामात. ४-५ अंशाला वाईन झोपते, मरत नाही. बुचाची मात्र वर्षानुवर्षं नको, सुकं वातावरण, कॉम्प्रेसरची थरथर, आणि शेजारी फणस. मे महिन्यात "बाहेर ३८ की फ्रीजमध्ये ५" असा प्रश्न असेल तर डोळे झाकून फ्रीज. फक्त झटपट गार करायला म्हणून फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. उणे सहा-सातला वाईन गोठते, काच तडकते नाहीतर बूच बाहेर. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, पंधरा-वीस मिनिटांत गार.

---

कुडाळी_माणूस

फ्रीजमध्ये ठेवलेल्या पांढऱ्या वाईनमध्ये तळाला साखरेसारखे, काचेच्या भुग्यासारखे कण दिसले तर घाबरू नका. आमच्या एका पाहुण्याने अख्खी बाटली मोरीत ओतली होती, काच आहे म्हणून! ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे, थंडीने खाली बसतात. बेकिंगवाल्या बायका क्रीम ऑफ टार्टर वापरतात ना, तेच ते. हळू ओतायचं, शेवटचा घोट सोडून द्यायचा.

---

गोदाकाठ

मिरचीचं कोल्ड स्टोरेज राहिलंच. तापमानाचा विचार केला तर वाईट नाही, मिरचीला पाच-सात अंशाच्या आसपास ठेवतात, वाईनला थोडं जास्त थंड पण स्थिर आणि अंधार. लोक म्हणतात उग्र वास बुचातून आत शिरतो. बुचातून हवा शिरते ती इतकी कमी की मला ते फारसं पटत नाही, पण आठ वर्षं गुंटूर मिरचीच्या पोत्यांत राहिलेल्या बाटलीवर माझी स्वतःची पैज लावणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या धंद्याच्या जागेत दारू ठेवायची, उद्या तपासणी आली तर मामा अडचणीत. नातं टिकवा, वाईन दुसरीकडे ठेवू.

अजून एक, कोणी लिहिलं नाही म्हणून. "रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची" हे वाक्य जिथे जन्मलं तिथल्या खोल्या १६-१८ अंशाच्या होत्या. नागपुरात रूम टेंपरेचरची शिराझ म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपका. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. लोक मला सांगतात आपली इंडियन रेड कडक लागते, जळते. अर्ध्या वेळा ती फक्त गरम असते. हे एकच पाळलंत तरी तुमच्या बाटल्या दुप्पट चांगल्या लागतील, तिथे फ्रीज-बिज काही नको.

---

टवाळ_आळी

आणि उघडलेली बाटली उरली तर? (असं कधी झालेलं नाही, एका मित्रासाठी विचारतोय.)

---

दूरदेशी

मित्राला सांगा: शत्रू हवा आहे, आणि गरमी त्याला मदत करते. झाकण लावून उभी करून लगेच फ्रीजमध्ये, रेड असली तरी. पांढरी, रोझे, रेड तीन ते पाच दिवस. दुसऱ्या दिवशीच थोडी उतरते, पण पिण्यासारखी असते. रेड प्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. स्पार्कलिंगला दाबून बसणारं वेगळं स्टॉपर मिळतं ते घ्या, एक-दोन दिवस बुडबुडे राहतात. बाटलीच्या तोंडात चमचा लटकवला की गॅस जात नाही ही थाप आहे, काही होत नाही. तो हवा खेचायचा पंप साध्या वाईनला ठीक, स्पार्कलिंगला लावलात तर तुम्हीच गॅस काढून टाकाल.

माझी पद्धत फुकटची आहे. ३७५ मिलीची रिकामी छोटी बाटली धुऊन सुकवून ठेवलेली असते, झाकणवाली. मोठी उघडली आणि अर्धीच प्यायची असं आधीच ठरलं असेल तर उघडल्या उघडल्या अर्धी छोटीत काठोकाठ भरून झाकण. हवाच नाही तर बिघडणार काय, आठवडाभर सहज जातं. ऑरेंज_सिटीकर, तुमची लेट हार्वेस्टची बाटली संपली की फेकू नका.

---

चहाटळ

आणि त्याही पलीकडे गेली तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची. मटणाच्या रश्श्यात नाही चांगली लागत (करून बघितलंय कोणीतरी आमच्याकडे, नाव सांगत नाही), पण मशरूम, पास्ता सॉस, चिकन परतताना एक-दोन क्यूब टाकले की झालं. आंबट झालेलीचं व्हिनेगर आपोआप चांगलं होतं असं समजू नका, नुसती शिळी वाईन म्हणजे व्हिनेगर नव्हे, त्याला ते बॅक्टेरिया आणि भरपूर हवा लागते.

---

ऑरेंज_सिटीकर

मंडळी, एवढं तं कॉलेजात पण कोणी शिकवलं नव्हतं.

ठरवलं ते असं. पांढऱ्या आणि रोझे पाडव्यापासून जूनपर्यंत संपवायच्या, त्या फ्रीजच्या कप्प्यातच राहतील, संपतील तसतशी आंब्यांना जागा त्याच करून देतील. साध्या रेड थर्माकोलच्या खोक्यात बेडरूममध्ये, पलंगाखाली. सासऱ्यांकडे जुना १६५ लिटरचा फ्रीज गॅलरीत पडून आहे, त्यात ते आता चपला ठेवतात, तो मागितला. कंट्रोलर ऑर्डर केला, वायरिंगवाला रविवारी येतो. त्यात बोर्दो दोन, रिझर्व्ह रेड दोन आणि लेट हार्वेस्ट.

दोन शंका उरल्या. एक, ही बोर्दो आठ वर्षं धरेल तरी का, तेवढी दमदार आहे हे मला कसं कळावं? दोन, इथे मेमध्ये लाईट जाते, कधी कधी तीन-चार तास, तर फ्रीजचं काय, इन्व्हर्टरवर घ्यावा का?

---

गोदाकाठ

बोर्दोचं: २०१८ तिथे चांगलं साल मानतात, उन्हाळा गरम आणि कोरडा गेला होता, रेड जाड झाल्या. पण बोर्दो हा फार मोठा भाग आहे, त्यात सुपरमार्केटच्या तीन-चार युरोच्या बाटलीपासून सगळं येतं. लेबलवर नुसतं बोर्दो किंवा बोर्दो सुपेरिअर असेल तर पंधरा-सोळा वर्षं धरायची आशा करू नका, एक यंदाच पिऊन टाका, थंडीत. पॉयाक, सां-ज्युलिअं, मार्गो, सांतेमिलिओं असं गावाचं नाव आणि त्यासोबत क्रू क्लासे (तिथली वरच्या दर्जाची अधिकृत वर्गवारी) असं काही लिहिलेलं असेल तर ती धरेल, अट एकच की त्या फ्रीजात राहिली पाहिजे. लेबलचा फोटो इथे टाका, मी सांगतो. दोन आहेत हे चांगलं आहे. एक मध्ये चार-पाच वर्षांनी उघडून बघा, ती थकलेली वाटली तर दुसरीला अठराव्या वाढदिवसापर्यंत ताटकळत ठेवू नका. जुन्या रेडमध्ये तळाला गाळ येतो, तो दोष नाही. आदल्या दिवशी उभी करून ठेवायची आणि सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतायची.

एक सांगून ठेवतो, बूच आत्ताच बघून घ्या. वरचं आवरण बोटाने फिरतंय का, बूच काठाच्या वर आलंय का, कडेला चिकट आहे का. विमानातून, मग डिक्कीतून, मग शोकेसमधून आलेली बाटली आहे. ओघळ असेल तर सांभाळण्यात अर्थ नाही, या आठवड्यात उघडा.

---

वायरमन_सांगली

लाईटचं टेन्शन घेऊ नका. इन्व्हर्टरवर फ्रीज घेतलात तर कॉम्प्रेसर सुरू होताना झटका मोठा घेतो, साध्या इन्व्हर्टरला झेपत नाही, पंखे पण बंद पडायचे. रिकामी जागा पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनी भरून टाका. दार बंद ठेवलं तर तीन-चार तासांत आतली हवा वाढेल, बाटलीतली वाईन दोन-चार अंश इकडे तिकडे, बस. वर्षातून आठ-दहा वेळा तेवढं झालं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते रोज दुपारी दहा-पंधरा अंश वरखाली झाल्याने.

फ्रीज गॅलरीत मात्र ठेवू नका, पश्चिमेची असेल तर कॉम्प्रेसर बसेल. आत घ्या, मागे चार-सहा इंच जागा सोडा. आणि चपलांचा वास जाईपर्यंत खायचा सोडा टाकून दोन दिवस दार उघडं ठेवा.

---

ऑरेंज_सिटीकर

बूच बघितलं. दोन्ही ठीक आहेत, आवरण फिरून राहिलंय, ओघळ नाही. लेबलवर मार्गो लिहिलंय, क्रू क्लासे नाही, क्रू बूर्झ्वा असं काही आहे. फोटो चढत नाही आहे, एरर देते, रात्री परत टाकतो.

---

गोदाकाठ

क्रू बूर्झ्वा म्हणजे क्रू क्लासेच्या खालची पायरी, पण मार्गोची आणि २०१८ ची असेल तर दहा-बारा वर्षं चांगली जाते. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षांत उघडा, दुसरी २०३० च्या आसपास. मुलगी अठराची होईपर्यंत थांबायचंच असेल तर २०१८ सालचीच दुसरी कुठली तरी जास्त टिकणारी घेऊन ठेवा, साळा फ्रान्सला जातोच आहे. दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, त्यात ७५० मिलीच्या दोन बसतात.